डोकरीचा आवाज

मुलाखत घ्यायला ऑफिसात कोणी आलं की एक प्रश्न ठरलेला असतो: "तुमचे गुरू कोण?" मी आजवर तीन वेगवेगळे गुरू सांगितले आहेत. एकदा नागपूरचे एक जादूगार, एकदा बिलासपूरच्या रेल्वे कॉलनीतले एक मास्तर, आणि एकदा, विचारणारी मुलगी फारच भाविक दिसली म्हणून, हिमालयातले एक साधू. या तिघांपैकी एकही पृथ्वीतलावर कधी नव्हता. खरं सांगायची सोय नव्हती, कारण माझ्या गुरू त्या वेळी घरी आतल्या खोलीत हिरड्यांना गुडाखू, म्हणजे गुळात कालवलेली तंबाखू, घासत बसलेल्या असायच्या. त्या माझ्या सासूबाई.

मी शब्दभ्रमकार. म्हणजे मांडीवर बाहुली बसवायची, तिच्या पाठीतून हात घालून तोंड हलवायचं आणि आपले ओठ न हलवता तिच्या तोंडून बोलायचं. या धंद्यातली खरी डोकेदुखी म्हणजे प, फ, ब, भ आणि म. ओठ मिटल्याशिवाय ही पाच अक्षरं निघत नाहीत. 'प'च्या जागी 'त' आणि 'म'च्या जागी 'न' असं काहीतरी जिभेनं उरकून न्यावं लागतं आणि लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून देवाचा धावा करावा लागतो. हे ठाऊक असूनही मी सुरुवात केली ती पोपटापासून. मराठी मंडळात माझा पोपट "नी तोतट आहे" म्हणायचा आणि पोट्टे मागून ओरडायचे, "कोन आहे?" हिंदीत त्याचा तोता होतो, म्हणून बाकी रायपुरात कसंबसं निभावलं. पण हसू म्हणून कोणाला आलं नाही. बायको म्हणाली, "तुमचा पोपट तुमच्यासारखाच बोलते. सरकारी."

ती चूक नव्हती. मी सरकारी कारकूनच होतो. वडील रेल्वेत, म्हणून विदर्भातून आम्ही रायपूरला आलेलो. मी इथेच शिकलो आणि इथेच चिकटलो. तेव्हा राज्य नवं झालं होतं. कालपर्यंत हे गाव भोपाळच्या कागदाची वाट पाहत बसायचं, आता सगळं राज्य रायपूरच्या कागदाची वाट पाहू लागलं. मंत्रालयाला इमारत नव्हती म्हणून ते एका जुन्या दवाखान्यात थाटलं होतं. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर 'कृपया शांत रहें' असं अजून लिहिलेलं होतं, आणि ती सूचना आमच्या विभागाइतकी कोणत्याच पेशंटनं पाळली नसेल.

राज्य चार वर्षांचं झालं तेव्हा सासूबाई आमच्याकडे आल्या. गोंदियाजवळच्या खेड्यात राहायच्या. सासरे गेले, वर्ष उलटलं, आणि पुतण्यांनी एका सकाळी त्यांची ट्रंक उचलून ओसरीवर आणून ठेवली. तोंडानं काही बोलले नाहीत, नुसती ट्रंक ठेवली. त्यांना मूल एकच, माझी बायको. लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये असं मानणारी ती बाई, शंकर नगरातल्या आमच्या अडीच खोल्यांत ट्रंक घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "चार दिवस राहीन." हे ती माझ्याशी बोलली नाही. दाराच्या चौकटीशी बोलली.

कारण त्यांच्याकडची रीत अशी की सासूनं जावयाशी तोंडातोंडी बोलायचं नाही. जावई समोर आला की पदर पुढे ओढायचा, नाकाखालचा चेहरा झाकायचा, आणि काही सांगायचंच असेल तर तिसऱ्याला सांगायचं. तिसरा हजर नसेल तर वस्तू काय कमी असतात घरात? त्यामुळे लग्नाला सात वर्षं झाली तरी मला माझ्या सासूनं एक वाक्य सरळ म्हटलेलं नव्हतं. आडून मात्र हजारो.

मी चहा जरा आवाज करून पितो. पहिल्याच सकाळी त्या कुकरला म्हणाल्या, "बापा, तू तरी हळू शिट्टी मार. या घरात च्या पेतानी बी शिट्ट्या वाजतेत." मी फुलाफुलांचा शर्ट घातला तर लेकीला हाक: "खिडकी लाव वं. शर्टावरचे फुलं पाहून भवरे येतीन घरात." ऑफिसातून उशिरा आलो तर तुळशीपुढे गाऱ्हाणं: "माय, तुले तरी टायमावर पानी भेटते. तुया नवरा काही मंत्रालयात नाही ना."

मी पहिले दोन महिने चिडलो. तिसऱ्या महिन्यात एका रविवारी मी पेपर वाचत बसलो होतो आणि त्या माझ्या पाठीमागून पाण्याच्या माठाशी बोलत होत्या, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आवाज माठातून येत होता. खरंच. तोंडात गुडाखू धरलेली, त्यामुळे ओठ हलत नव्हते. प, ब, म हे सगळे गालातल्या गालात कुठेतरी जिरत होते आणि तरी शब्दन् शब्द कळत होता. वरून पदर. ज्या गोष्टीसाठी मी आरशासमोर चार वर्षं थोबाड वाकडं करत होतो, ती ही बाई सहज, भाजी निवडताना करत होती. या धंद्यात माझ्यापेक्षा वरचढ माणूस माझ्याच घरात राहत होतं आणि मी त्याला बारीक दळलेलं पीठ आणून देत होतो.

मी आवाज चोरला. दुसरा शब्द नाही.

कागदाच्या लगद्याचं डोकं केलं, गाल थोडे बसवले, एक गाल मात्र गुडाखू ठेवल्यासारखा फुगवला. म्हणजे 'प' बिघडला तरी दोष गुडाखूचा, माझा नाही. लुगड्यासाठी पंडरीच्या कापडबाजारात गेलो. तिथे सगळा ठोक व्यवहार. दुकानदार म्हणाला, "भैया, कितने पीस?" मी म्हणालो, एकच, आणि तेही पाव. "पहननेवाली कितनी बड़ी है?" मी हातानं दोन फूट दाखवलं. "बच्ची है?" "नहीं, सत्तर साल की है." त्यानं मला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आणि एक हिरवा तुकडा फुकट देऊन लवकर वाटेला लावलं.

पहिलाच कार्यक्रम कुठल्याशा भवनाच्या उद्घाटनाचा. नव्या राजधानीत तेव्हा रोज काहीतरी उघडायचं आणि रोज मंत्री उशिरा यायचे. मंडपात लोक घामानं निथळत होते, साहेबांनी मला पुढे ढकललं, आणि मी घाबरत बाहुलीला तोंड उघडायला लावलं. ती म्हणाली, "आएंगे, आएंगे, मंत्रीजी आएंगे. हमारी शादी में भी दूल्हा ऐसेच आया था. आया तब तक हम डोकरी हो गए थे." आदल्या आठवड्यात मी जेवायला उशिरा आलो तेव्हा सासूबाईंनी हेच पोळपाटाला मराठीत सांगितलं होतं. मंडप कोसळायचा बाकी राहिला. छत्तीसगढीत म्हातारीला डोकरी म्हणतात, आमच्याकडेही म्हणतात. लोकांनी तिथल्या तिथे तिचं नाव ठेवून टाकलं, डोकरी दाई.

पुढची नऊ वर्षं मी या राज्यात प्रसिद्ध होतो. माझी सगळी कारकीर्द दुसऱ्यांच्या उशिरावर उभी आहे, हे मी लपवत नाही. साहेब लोक फोन करायचे: "भैया, दाई को लेके आ जाओ, मंत्रीजी अभी निकले नहीं हैं." एकदा तर मंत्री आले आणि लोकांनी डोकरीला उठू दिलं नाही, मंत्री मुकाट्यानं खाली बसून हसले. एका सत्कारात तिला शाल आणि नारळ मिळाला, मला नुसता नारळ. मग इथल्या टीव्हीवाल्यांनी दर रविवारी सकाळी अर्धा तास दिला. पानठेल्यावर लोक मला ओळखायचे नाहीत, पण मी गुडाखू भरल्या आवाजात पान मागितलं की टपरीतून माणूस अर्धा बाहेर यायचा.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक भीती होती. ती मला सकाळ-संध्याकाळ कुरतडायची. सासूबाईंना कळलं तर?

बायको पहिल्याच कार्यक्रमाला इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि घरी येताना रिक्षात रडली. म्हणाली, "आईले समजलं का जवाई तिची नक्कल करून लोकायले हासवते, तर ती एक दिवस नाही राहाची. अन् जाईन कुठी ते सांगा. पुतन्याइच्या दारात?" ती बाई मानी होती. उपाशी ओसरीवर बसली असती, पण हसणाऱ्यांच्या घरात जेवली नसती. मग आम्ही दोघांनी ठरवलं, कळू द्यायचं नाही. धंदा बंद करावा असं मात्र दोघांनाही सुचलं नाही, हे खरं ते सांगतो.

डोकरी ऑफिसच्या आलमारीत राहू लागली, जुन्या फायलींवर. पुढे मंत्रालय शहराबाहेर वसवलेल्या नव्या रायपूरला गेलं तेव्हा तीही गेली. त्या रुंद रस्त्यांवरून आमची ऑफिसची बस अर्धी रिकामी जायची, त्यामुळे शेजारची सीट तिची. घरी मी दौऱ्यावर जातोय, मीटिंग आहे, असं सांगायचो. रविवारी सकाळी आमचा टीव्ही न चुकता बिघडायचा. तो बिघडवण्याचं काम बायकोकडे होतं. नशीबही असं बलवत्तर की नेमक्या त्याच वेळी सासूबाई शेजारच्या दीदीकडे भजनाला जायच्या. देव आपल्या पाठीशी आहे असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

घरात त्या बोलायच्या आणि मी विजेच्या बिलामागे लिहून घ्यायचो. आता आठवतं तेव्हा स्वतःच्या अकलेची कीव येते. एकदा मी न्हाणीघरात असताना त्या सुपाला काहीतरी झकास बोलल्या. मला अर्धंच ऐकू आलं. मी टॉवेल गुंडाळून बाहेर येऊन बसलो तर त्यांनी तेच वाक्य पुन्हा, पहिल्यापासून, सावकाश म्हटलं. म्हातारपणी माणूस तेच तेच बोलतं, असं मी बायकोला सांगितलं.

नवव्या वर्षी गणपतीत मराठी मंडळानं माझा कार्यक्रम ठेवला. त्याच्या दोन दिवस आधी सासूबाई चौकटीला म्हणाल्या, "या साली मी बी जाईन म्हनते गनपतीत. म्हाताऱ्या मानसानं देवाले जावं." माझ्या हातातला घास हातात राहिला. बायकोनं पाय दुखतील म्हणून सांगून पाहिलं, डासांची भीती घातली. "मंग ओडोमास लावून जाईन," असं उत्तर चौकटीला मिळालं.

मी शेवटी सरळ हिशेब केला. डोकरी आलमारीत राहील, पोपट बाहेर निघेल. एक दिवस लोक हसले नाहीत तर आभाळ कोसळत नाही.

त्या संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाई बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं, पदर नाकापर्यंत. मी पोपट घेऊन मंचावर गेलो. पोपटानं दोन विनोद केले. दोन्ही वेळा फक्त माझी बायको हसली, आणि तीही कर्तव्य म्हणून. मागून कोणीतरी ओरडलं, "काका, ये तोता छोड़ो, डोकरी को लाओ!" मग सगळा हॉल टाळ्या वाजवून मागणी करू लागला. मी हात जोडले आणि म्हणालो, "माफ करा मंडळी, डोकरी बिमार आहे. आता बहुतेक ती परत येणार नाही."

दुसरं वाक्य मी का बोललो, देव जाणे. टाळ्या बंद व्हाव्यात म्हणून असेल.

सासूबाई उभ्या राहिल्या. पदर तोंडावर तसाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मंडळाच्या सेक्रेटरीकडे वळल्या आणि तोच, नऊ वर्षं राज्यभर गाजलेला आवाज खणखणीत निघाला: "सांगा म्हना त्याईले, डोकरी बिमार-गिमार काही नाही. चांगली धडधाकट आहे. ऑफिसच्या आलमारीत बसवली अन् इथं पोपट घेऊन आले, म्हना."

झालं, संपलं, असं वाटलं. आणि मग असा टाळ्यांचा कडकडाट झाला की गणपतीसमोरच्या समया थरथरल्या.

लोकांना वाटलं, तो आवाज मी काढला! बाहुलीशिवाय, पंधरा-वीस फुटांवर, पहिल्या रांगेतल्या एका अनोळखी आजीच्या तोंडी टाकला. माझे ओठ भीतीनं मिटलेले होते, हे तर सगळ्यांनी पाहिलंच होतं. लोक उभे राहिले. सेक्रेटरीनं मला मिठी मारली. सासूबाईंच्या शेजारच्या बाईनं नंतर शपथेवर सांगितलं की आजी नुसत्या उभ्या होत्या, बोलल्या नाहीतच, आवाज मंचावरून आला. सासूबाई तोंड उघडून "अवं, मी बोलली, मी!" म्हणाल्या, तर त्याला दुप्पट टाळ्या. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की असा चमत्कार या शहरानं पूर्वी पाहिला नाही.

घरी मात्र चमत्कार वेगळाच झाला. सासूबाई गप्प झाल्या. एक दिवस, दोन दिवस, कुकरला नाही, तुळशीला नाही, कोणालाच काही नाही. मी मुद्दाम भुरके मारत चहा प्यायलो, फुलांचा शर्ट घातला. काही नाही. इतकी वर्षं ज्या बडबडीला वैतागलो, ती थांबल्यावर घर खायला उठलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको डोळे पुसत स्वयंपाकघरातून आली. "आई कपडे ट्रंकेत भरून राहिली," ती म्हणाली. "अन् आयका, तिले पयल्यापासून ठाऊक होतं, आपलं रातचं कुजबुजनं समदं तिले आयकू येत होतं. दीदीकडे भजन-गिजन काही नव्हतं. दोघी दर रविवारी टीव्ही पाहत होत्या. आता ती म्हनते, एकदा त्या डोकरीले भेटू द्या, मंग जाते."

सोमवारी मी ऑफिसातून डोकरीला घेऊन आलो. पिशवीत न घालता, उघडी, कडेवर घेऊन. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, बाजूला ट्रंक. मी समोर स्टुलावर बसलो आणि बाहुली मांडीवर ठेवली. त्यांनी तिला पहिल्यांदाच जवळून पाहिलं. तिचा फुगलेला गाल बोटानं दाबला, लुगड्याचा पदर नीट केला. मग तिलाच विचारलं, "काहून वं, तुले बरं ठेवतेत ना हे?"

माझा हात सवयीनं हलला. डोकरी म्हणाली, "हव."

"मंग त्या दिवशी काहून नाही आनलं तुले?"

"बिमार होती," डोकरी म्हणाली.

"खोटं बोलू नको. माया आवाजात खोटं नको बोलू."

मी मान खाली घातली. त्या बाहुलीशीच बोलत राहिल्या, पण आता आवाजात खोडी नव्हती. "नऊ वर्सं, सकाळी उठली का पयले हेच सोचत होती मी, आज काय बोलू का त्याईच्या कामी पडन. लोकं हासत होते तवरी मी बिनघोर होती. ज्या म्हातारीच्या बोलन्यानं घराचं नाव होते, तिले कोन बाहेर काढन? त्या दिवशी पोपट पाह्यला. डोकरी परत येनार नाही म्हने. समजली मी, का आपलं काम झालं. आता तू सांग वं, तुले समदं ठाऊक असन. हे बी ट्रंक ओसरीवर ठेवनार होते का? का मीच जाऊ, त्याच्या आंधी?"

डोकरीचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. माझ्याजवळ तिच्यासाठी आवाज नव्हता. नऊ वर्षं मला धास्ती होती की त्या निघून जातील, आणि त्याच अडीच खोल्यांत, नऊ वर्षं, त्यांना धास्ती होती की मी काढून देईन. मी ज्याला चोरी समजत होतो, ते त्या रोज सकाळी माझ्यापुढे आणून ठेवत होत्या, इथे राहू द्यावं म्हणून. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सासूबाईंनी वाट पाहिली. मग पदर खाली केला, मान वर केली आणि सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"तिले नाही," त्या म्हणाल्या. "तुमाले विचारून राहिली मी."

मी बाहुलीतून हात काढला आणि तिला बाजूला ठेवलं. मग माझ्या स्वतःच्या आवाजात बोललो. "आई, तुमाले कुठी जाचं नाही. डोकरी राहो का न राहो, लोकं हासो का न हासो. हे घर तुमचं आहे. पयल्या दिवसापासून तुमचंच आहे."

त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग मला म्हणाल्या, "एवढं म्हनाले नऊ वर्सं लागले तुमाले?"